बावन पत्ते, बावन वर्ण : खेळातून वाचनाकडे
(जामनेर येथे वर्षावास समारोपाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे आम्ही व्यासपीठावर येतानाच पाहिले. विहाराच्या कार्यक्रमात पत्त्यांची गोष्ट! ज्या पत्त्यांनी आपल्या वस्तीतले कितीतरी पगार पाराखाली गिळले, तेच पत्ते पोरांच्या हाती द्यायचे? ही शंका रास्त आहे आणि तिला उत्तर दिल्याशिवाय आम्ही पुढे जाणार नाही. पण आधी ज्या अडचणीतून आम्ही पत्त्यांकडे वळलो ती अडचण आपल्यापुढे मांडू द्या.

आम्ही काही जण संध्याकाळी विहारात मुलांचा वर्ग घेतो. वंदना होते, मग अभ्यास. पहिल्या वर्षी आम्ही समजत होतो, की तिसरी-चौथीतल्या मुलांना गणित आणि इंग्रजी शिकवायचे आहे. पहिल्याच आठवड्यात ध्यानात आले, की अर्ध्याअधिक मुलांना मराठीचे पुस्तकच वाचता येत नाही. बाराखडी मात्र तोंडपाठ! 'क का कि की' अशी ताल धरून म्हणत. पण मधलेच 'मी' हे अक्षर फळ्यावर एकटे लिहिले, की बोटे मोजत 'म'पासून सुरुवात करून तिथवर यावे लागे. काही मुलांना 'क' दाखवला तर ती 'कमळ' म्हणत. 'क कमळाचा' हे वाक्य त्यांनी असे घोकले होते, की कमळ हेच त्या अक्षराचे नाव होऊन बसले. अशा मुलाने 'काका' हा शब्द कसा वाचावा? दोन कमळे एकापुढे एक ठेवून काका तयार होत नाही!

हे केवळ आपल्या वस्तीचे दुखणे आहे असे समजू नका. 'असर' या नावाने ओळखली जाणारी पाहणी २००५ पासून होत आली आहे. तिच्यात मुलाला घरी जाऊन गाठतात आणि अक्षरे, शब्द, उतारा, गोष्ट असे एकेक वाचायला देतात. तिच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतात तिसरीतल्या शंभर मुलांपैकी सुमारे वीसच मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. कोरोनाच्या काळात शाळा बंद होत्या, त्याचा तो फटका होता. २०२४ च्या अहवालात हा आकडा सुमारे सत्तावीसवर आला. सुधारणा झाली, परंतु उरलेल्या त्र्याहत्तरांचे काय? ज्या घरात आई-वडील वाचणारे आहेत, तिथले मूल शाळेत राहिलेले घरी भरून काढते. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी सुरू झाली, की मूल आईबरोबर शेतात. कुणाचे आई-बाप उसतोडीला गेले, तर मूल चार-पाच महिने कोपीवर. परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. ते मागच्या बाकावर बसते आणि हळूहळू शाळेतून उठून जाते. कोणी त्याला काढत नाही. ते आपणच निघून जाते.

आता पत्त्यांच्या शंकेकडे येऊ. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाच्या धननाशाची जी सहा द्वारे सांगितली आहेत, त्यांत जुगार आहे. जिंकणारा वैर ओढवून घेतो, हरणारा गेलेल्या धनाचा शोक करतो, जुगाऱ्याच्या शब्दाला सभेत किंमत राहत नाही, त्याला कोणी मुलगी देत नाही, असे त्याचे दुष्परिणामही तेथे मोजून दिले आहेत. आपल्या वस्तीकडे पाहिले तर यातला एक शब्दही जुना झालेला नाही. म्हणून पैजेला, दावाला आणि पैशाला आमचा विरोध आहे, आणि तो ज्येष्ठांच्या विरोधाइतकाच कडक आहे.

परंतु त्याच दीघनिकायातले ब्रह्मजाल सुत्त उघडून पाहा. त्यात त्या काळच्या खेळांची एक लांबलचक यादी आहे. त्या यादीत 'अक्खरिका' नावाचा एक खेळ येतो. आचार्य बुद्धघोषांनी अट्ठकथेत त्याचा अर्थ दिला आहे : आकाशात किंवा पाठीवर काढलेले अक्षर ओळखण्याचा खेळ. ही यादी श्रमणाने कोणत्या करमणुकीपासून दूर राहावे हे सांगण्यासाठी आहे, हे आम्ही लपवत नाही. भिक्षूने खेळात वेळ घालवू नये, हे योग्यच. पण विचार करा, अक्षरे खेळात येण्याची रीत आपल्या देशात किती जुनी आहे! आजही आमच्या वर्गाची सुरुवात याच खेळाने होते. पुढच्या मुलाच्या पाठीवर मागच्याने बोटाने अक्षर काढायचे आणि पुढच्याने ते ओळखायचे. गुदगुल्या होतात, हसू फुटते आणि अक्षराचे वळण अंगाला कळते.

दुसरी गोष्ट जवळचीच आहे. येथून पहूरमार्गे अजिंठ्याची लेणी काही फार लांब नाहीत. सोळाव्या लेण्यात बाल सिद्धार्थाच्या शिक्षणाचा प्रसंग चितारलेला आहे. 'ललितविस्तर' या ग्रंथात हा प्रसंग सविस्तर येतो. सिद्धार्थासमवेत मुले अक्षरे म्हणू लागली, की प्रत्येक अक्षरातून एकेक अर्थ उमटे. 'अ' म्हणताच अनित्यतेचा बोध होई. कथा म्हणून ती घ्या, पण तिच्यातले मर्म शिक्षकाने घ्यावे असे आहे. अक्षर म्हणजे नुसती रेघोटी नव्हे. त्याला आवाज आहे आणि आवाजाला अर्थ आहे. हे तिन्ही एका क्षणी जुळले, तरच वाचन होते. आमच्या मुलांकडे आवाजांची साखळी होती. चिन्ह आणि अर्थ तिला जोडलेले नव्हते.

मूल हातांनी शिकते, हे शिक्षणशास्त्रात नवे नाही. मारिया मॉंटेसरी यांनी खरखरीत कागदाची अक्षरे मुलांच्या बोटांखाली दिली आणि सुटी अक्षरे मांडून शब्द करायला लावले. गिजुभाई बधेका यांनी भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर काढले. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचा आरंभ केला. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये चालले. विकतची साधने परवडत नाहीत म्हणून शिक्षण थांबवायचे नाही. बिया, पाने, खडे, शिंपले यांतून साधने करायची, हा त्यांचा धडा होता. फलटणला भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी दलित वस्तीतल्या, शाळेत मागे पडलेल्या मुलांना वाचायला शिकवता शिकवता मराठी वाचनाची एक पद्धत बसवली. अक्षरे वर्णमालेच्या ओळीने घ्यायची नाहीत. थोडी अक्षरे आणि त्यांच्यासोबत एखादी काना-मात्रा असा गट घ्यायचा, म्हणजे मुलाला पहिल्या काही दिवसांतच खरे शब्द आणि लहान वाक्ये वाचता येतात. आम्ही जे करतो ते या थोरांच्या उष्ट्यावरच चालले आहे. आमची भर एवढीच, की ही अक्षरे आम्ही पत्त्यांवर चढवली.

पत्त्यांवरच का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका शब्दात आहे : पिसणे. पत्ते पिसले, की ओळीचा आधार जातो. मुलाला 'म'पासून मोजत यायला वाटच राहत नाही. समोर जे पान पडले, त्याचा आवाज तिथल्या तिथे सांगावा लागतो. आणि डाव जिंकायचा म्हणून एकेक अक्षर मूल एका संध्याकाळी तीस-चाळीस वेळा पाहते. तेवढ्या वेळा पाटीवर गिरवायला सांगितले असते तर ते पळून गेले असते!

आता प्रत्यक्ष कृती सांगतो, कारण येथे बसलेल्या प्रत्येकाने घरी जाऊन एक कॅट तयार करावा अशी आमची इच्छा आहे.

लग्नसराई संपली, की प्रत्येक घरात पत्रिकांचा गठ्ठा साठतो. तो पुठ्ठा पत्त्यांना फार चांगला. वह्यांची वेष्टने आणि औषधांची खोकीही चालतात. पहिल्या वेळी आम्ही पत्रिका सरसकट कापल्या. एका उपासिका ताईंनी आम्हाला चांगलेच खडसावले, कारण पत्रिकांवर तथागतांची आणि बाबासाहेबांची चित्रे होती आणि त्यांचे तुकडे जमिनीवर पडले होते. त्यांचे बरोबर होते. तेव्हापासून चित्राचा भाग आधी वेगळा काढून जपून ठेवतो आणि उरलेला पुठ्ठा कापतो. पान नेहमीच्या पत्त्याएवढे असावे. जाड स्केच पेनने एकच मोठे अक्षर लिहावे. उजवीकडचा खालचा कोपरा तिरका कापावा, म्हणजे पान उलटे धरले की मुलाला लगेच कळते. नाहीतर नवशिक्या मुलाला अक्षर कोणत्या बाजूने पाहायचे तेच उमजत नाही. 'ल' आणि 'श' यांची दोन-दोन वळणे चालतात. मुलाच्या पाठ्यपुस्तकात जे वळण असेल तेच पानावर काढावे.

पहिल्या कॅटात आम्ही पाचच अक्षरे घेतो : क, म, ब, ल, र. त्यांच्यासोबत फक्त काना. म्हणजे क-का, म-मा, ब-बा, ल-ला, र-रा अशी दहा पाने. प्रत्येकाच्या चार प्रती, एकूण चाळीस. एवढ्यात काका, मामा, बाबा, काम, मका, लाल, बारा, बाक, कमाल हे शब्द होतात आणि 'बाबा, काम करा' हे अख्खे वाक्य होते. पहिल्याच आठवड्यात वाक्य वाचले, की मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. दुसऱ्या कॅटात न, प, त, स, भ ही अक्षरे आणि दुसरी वेलांटी येते. मग कान, नाक, भात, माती, तीन, सात होतात, 'भाकरी' होते, 'भीम' होते, 'सभा' होते आणि 'समता'ही होते. तिसऱ्या कॅटापासून इतर मात्रा आणि उरलेली अक्षरे हळूहळू घ्यावीत. जोडाक्षरांची घाई करू नये.

खेळ तीन. पहिला खेळ तुमच्या ओळखीचा आहे, भिकार-सावकार. पाने वाटायची, पालथी ठेवायची, एकेकाने वरचे पान मध्ये टाकायचे. आधीच्या पानाशी जुळले, की सगळा ढीग आपला. आम्ही त्यात एकच नियम घातला : पान टाकताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा, चुकला तर जुळूनही ढीग मिळत नाही. 'क कमळाचा' म्हणायचे नाही, नुसते 'क' म्हणायचे. खेळाचे नाव मात्र आम्हाला खटकले. सावकार आणि भिकारी आपल्या बापजाद्यांनी पुष्कळ पाहिले आहेत. मुलांनीच नवे नाव दिले : 'जुळलं'.

दुसरा खेळ गुलामचोर. यात अक्षराचे पान आणि चित्राचे पान यांची जोडी लावायची : 'म'शी मका, 'भा'शी भाकरी. शेजाऱ्याच्या हातातले पान ओढायचे, जोडी जमली की खाली टाकायची. कॅटात एक पान कोरे असते. शेवटी ज्याच्या हाती कोरे पान उरेल, त्याने एक गाणे म्हणायचे. याही खेळाचे नाव आम्ही बदलले. आपल्या लेकराला खेळात का होईना, गुलाम किंवा चोर कशाला म्हणायचे? त्याला आम्ही 'कोरं पान' म्हणतो.

तिसरा खेळ शब्द जमवण्याचा. प्रत्येकाला सात पाने. एक उचलायचे, एक टाकायचे. हातात शब्द जमला, की तो जमिनीवर मांडून वाचून दाखवायचा. बाकीच्यांना तो शब्द मान्य व्हायला हवा. येथे जो वाद होतो तो ऐकण्यासारखा असतो. 'लारा' हा शब्द आहे का? 'मार' आहे का? एरवी ज्याच्या तोंडून शब्द निघत नाही, ते मूल येथे आपल्या शब्दासाठी भांडते.

आता जामनेरच्या मातीतला एक अनुभव सांगतो. आम्हा शिकवणाऱ्यांनाच तो शिकवून गेला. जोड्यांच्या खेळात आम्ही 'ळ'च्या पानासाठी केळीचे चित्र काढले होते. सहा-सात वर्षांच्या एका मुलाने ते चित्र 'य'च्या पानाशी लावले. आमच्यातल्या एकाने ते उचलून बाजूला टाकले आणि चूक म्हणून सांगितले. मूल म्हणाले, "केयी म्हनतो ना आम्ही! मंग हे 'य'चंच पान लागीन." मुले हसली. ते मूल गप्प झाले आणि पुढचे दोन दिवस वर्गाला आले नाही.

बंधू-भगिनींनो, चूक कोणाची होती? आपल्या तावडी बोलीत आणि पलीकडच्या अहिराणीत 'ळ'च्या जागी 'य' येतो. केळी ती केयी, डोळा तो डोया, शाळा ती शाया. पाण्याला आपण 'पानी' म्हणतो. त्या मुलाने आपल्या तोंडातला आवाज नेमका ऐकला आणि त्या आवाजाचे अक्षर नेमके शोधले. वाचन शिकताना मुलाने जे करावे असे आम्हाला वाटत होते, तेच त्याने केले होते. त्याचा कान शाबूत होता. आमचाच कान बंद होता.

आम्ही त्याच्या घरी गेलो आणि त्याला परत आणले. आता अशा शब्दांची पाने आम्ही वेगळी करतो. पानाच्या वरच्या बाजूला 'केयी', खालच्या बाजूला 'केळी'. मुलांना सांगतो, घरी हा शब्द आपण असा बोलतो, पुस्तकात असा लिहितात, दोन्ही आपलेच. ज्या 'ळ', 'ण' या अक्षरांचा आवाज घरच्या बोलीत वेगळा निघतो, ती पहिल्या दोन कॅटांत घेतच नाही. मुलाचा पाय आधी त्याच्या ओळखीच्या जमिनीवर रोवला जावा, मग नवी वाट.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्षूंनी भगवंतांना विनंती केली, की नाना जातींचे, नाना कुळांचे भिक्षू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते बिघडवतात; आम्ही ते छांदस भाषेत बांधतो. भगवंतांनी त्यांचा निषेध केला आणि बुद्धवचन 'सकाय निरुत्तिया' शिकण्याची अनुज्ञा दिली. बुद्धघोषांनी याचा अर्थ मागधी भाषा असा लावला असला, तरी अनेक अभ्यासक 'आपापल्या बोलीत' असाच अर्थ घेतात, आणि प्रसंगाचा रोखही तिकडेच आहे. धम्म जर बोलीतून चालतो, तर पहिलीचे अक्षर बोलीतून का चालू नये?

आपल्याच जिल्ह्यातल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलाने आणि नातलगाने उतरवून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये, त्यांच्या मागे, पुस्तक निघाले. त्या गाण्यांत हाच आपल्या खानदेशचा 'य' आहे. २०१८ मध्ये विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. ज्या बोलीच्या कवयित्रीचे नाव विद्यापीठाच्या कमानीवर आहे, ती बोली बोलणाऱ्या मुलाला पहिलीच्या वर्गात कोणी हसू नये, एवढे तरी आपण पाहू या.

शिकवणाऱ्यांनी मराठीच्या आणखी दोन-तीन खोड्या ध्यानात ठेवाव्यात. 'चाक' आणि 'चंद्र' यांतला 'च' एकच लिहितात, पण बोलण्यात ते दोन आहेत. म्हणून 'च'च्या पानासाठी दोन चित्रे ठेवावीत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात आणि आवाज मागून येतो. मूल तिथे अडखळले तर तो त्याचा दोष नव्हे. आणि शब्दाच्या शेवटच्या अक्षरातला 'अ' आपण सहसा उच्चारत नाही. 'कान' हा शब्द 'का' आणि 'न' असा फोडून वाचणारे मूल 'काना' म्हणून थांबते. त्याला दोन्ही पाने जवळ सरकवून एका दमात म्हणायला सांगावे. पाने हाताने सरकवता येतात, हाच फळ्यापेक्षा पत्त्यांचा मोठा फायदा.

आमच्या हातून झालेल्या चुकाही सांगितल्या पाहिजेत. पहिल्या उन्हाळ्यात मोठ्या मुलांनी आमच्या पाठीमागे चिंचोके लावून खेळायला सुरुवात केली. आम्ही कौतुकाने पाहिले. पंधरा दिवसांत चिंचोक्यांची जागा बिस्किटांनी घेतली आणि एके दिवशी एक-एक रुपयाची नाणी निघाली. त्या दिवशी आम्ही सगळे कॅट गोळा करून आठवडाभर खेळ बंद ठेवला. तेव्हापासून नियम आहे : काहीही लावायचे नाही, चिंचोकासुद्धा नाही. ज्येष्ठांची भीती पोकळ नव्हती, हे आम्ही कबूल करतो. दुसरी चूक अशी, की शब्दांच्या खेळात हुशार मुलेच सतत जिंकत आणि मागची मुले सोडून जात. आता एक मोठे मूल आणि एक लहान मूल अशी जोडी बसवतो. 'जुळलं' हा खेळ तर निम्मा नशिबाचाच आहे, आणि तेच त्याचे बळ आहे. जे मूल शाळेतल्या एकाही परीक्षेत कधी पहिले आले नाही, ते येथे अधूनमधून जिंकते. कधीतरी जिंकल्यावाचून कोणते मूल पुन्हा खेळायला बसेल?

आणि पत्त्यांची मर्यादाही ओळखा. रोज वीस मिनिटे पुरेत. पत्त्यांनी अक्षर येते, शब्द येतो. समज पुस्तकानेच येते. मूल तिसऱ्या कॅटापर्यंत पोहोचले, की त्याच्या हाती गोष्टीचे पुस्तक दिलेच पाहिजे. जे मूल पुस्तक मिळाल्यावर पत्त्यांना विसरते, ते आमचे सर्वांत यशस्वी मूल.

वस्तीतला एक प्रसंग सांगतो. एका मुलीने कॅट घरी नेला. तिचे वडील पत्त्यांचे शौकीन. पाराखालच्या बैठकीत त्यांचा हात धरणारा कोणी नाही असे म्हणत. मुलीच्या हाती पत्ते पाहून ते रागाने विहारात आले. आम्ही त्यांना बसवले आणि एक डाव वाटला. पाने हातात घेताच त्यांनी सवयीने ती पंख्यासारखी पसरली आणि तशीच धरून बसले. बऱ्याच वेळाने हळू आवाजात म्हणाले, "यातलं मला काहीच येत नाही." शेजारी बसलेल्या मुलीने त्यांच्या हातातले एक पान बोटाने दाखवले आणि म्हणाली, "हा बा, बाबा." पुढे काय झाले ते फार मोठे नाही. पाराखालची बैठक काही त्यांनी लगेच सोडली नाही. परंतु संध्याकाळी ते मुलीसोबत दोन डाव खेळू लागले, आणि उसतोडीला जाताना मुलीने कपड्यांच्या गाठोड्यात कॅट बांधून नेला. त्या वर्षी ती परत आली तेव्हा एकही अक्षर विसरलेली नव्हती. ज्या घरात वाचणारे कोणी नाही, त्या घरात पुस्तक एकटे पडते. पत्त्यांना मात्र जोडीदार लागतोच, आणि जोडीदार होऊन आई-बाप अक्षरांजवळ येतात.

राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाप्रमाणे मराठी वर्णमालेत बावन वर्ण आहेत. पत्त्यांच्या कॅटातही बावनच पाने. ज्या हातांना ती बावन पाने अंधारातही ओळखता येतात, त्या हातांना हे बावन वर्ण जड का वाटावेत?

विद्यार्थी मित्रहो, आता तुमच्याशी दोन शब्द. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. चळवळीची सुरुवात त्यांनी शिक्षणाच्या सोयीपासून केली. त्यांच्या शाळेतला प्रसंग तुम्ही ऐकलेला आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना गणित सोडवण्यासाठी फळ्याजवळ बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून वर्गातल्या मुलांनी गलका करून ते डबे आधी हलवले. फळ्याकडे जाण्याची वाटसुद्धा अशी होती. आज आपल्या मुलाच्या हातात अक्षर आहे. ते त्याने धरावे, पिसावे, वाटावे, शेजाऱ्याच्या हातातून ओढून घ्यावे. त्याला कोणी अडवत नाही. तरीही ते मूल अक्षराविना मोठे होत असेल, तर दोष आता आपल्याकडेही येतो.

म्हणून आमचे मागणे लहान आहे. संस्थेच्या प्रत्येक सभासदाने या हिवाळ्यात घरच्या पत्रिका जमवून एक कॅट तयार करावा. दहावी-बारावीच्या आणि महाविद्यालयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने शेजारचे एकच मूल निवडावे आणि रोज वीस मिनिटे त्याच्याशी खेळावे. सुरुवातीला पाच अक्षरे, पाच शब्द आणि एक छोटा उतारा वाचायला देऊन ते मूल कुठे आहे ते लिहून ठेवावे. तीन महिन्यांनी पुन्हा वाचायला द्यावे. जे दिसेल ते पुढच्या वर्षावास समारोपाला येथे उभे राहून सांगावे. यश आले तर यश सांगा, नाही आले तर तेही सांगा, म्हणजे आमच्या चुका आम्हाला कळतील.

सिगालोवाद सुत्तात आई-वडिलांचे मुलांविषयीचे जे कर्तव्य सांगितले आहे, त्यात मुलाला विद्या शिकवणे हे आहे. ज्या आई-वडिलांना आपल्या काळात ती मिळाली नाही, त्यांचे कर्तव्य आपण सारे मिळून पार पाडू या.

 वर्गातली मुले बाहेर सतरंजीवर कॅट घेऊन बसली आहेत. ज्येष्ठांनी जाता जाता त्यांच्याबरोबर एक डाव अवश्य खेळावा.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!